रोड्याची उत्तरं

जाड्या-रोड्या या विनोदी जोडीच्या एकेचाळीस कॅसेटी माझ्याकडे आहेत. त्यांच्या संवादांची पुस्तकं तर तोंडपाठ. परवा बेचाळिसावी कॅसेट मिळाली. तिच्यात जाड्या प्रश्न विचारतो, पण रोड्याची उत्तरंच नाहीत. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला, असं वाटलं.

मग जुन्या कॅसेटी लावल्या. त्यांतूनही रोड्या गायब!

"तूच पुसलंस ना?" मी बायकोला दरडावलं.

"तुझ्या पसाऱ्याला मी हात तरी लावते का?"

ती रागाने माहेरी गेली. मी पुन्हा कॅसेट लावली.

"काय रे, जेवलास का?" जाड्याने विचारलं.

रोड्याचं उत्तर सवयीने माझ्याच तोंडून गेलं, "का, वाढतोयस?"

कॅसेटमधलं सभागृह खदाखदा हसलं.

हशा ओसरल्यावर जाड्या हळूच म्हणाला, "बायकोवर उगाच संशय घेतलास. चल, पुढचं बोल."