उजव्या डोळ्यापुढचा ठिपका

“लेक म्हणतो, पडद्यातला एक पिक्सेल मेलाय. बदलून दे!” टेलरकाकूंनी व्हीआर हेडसेट दुरुस्तीवालीपुढे आपटला. तो लावला की त्यांना उजव्या डोळ्यापुढे काळा ठिपका दिसतो म्हणे. तिने आतल्या, प्रत्येक डोळ्यापुढच्या, दोन्ही पडद्यांवर लाल, हिरवा, निळा, पांढरा रंग आणून भिंगाने पाहिलं. ठिपका कुठेच नव्हता. “म्हणजे मी खोटारडी?” काकू उसळल्या. तिने हेडसेट उलटा करून त्यांच्या डोळ्यांना लावला. डावा पडदा उजव्या डोळ्यापुढे आला. “आता ठिपका?” “उजवीकडेच. हलतोय कुठे मेला!” तिने हेडसेट बाजूला ठेवला. “काकू, दोष हेडसेटचा नाही, डोळ्याचा आहे. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला, मीही येते.” तिने दुकानाचं शटर ओढलं. महिन्याभराने काकू आल्या. “डोळा थोडक्यात वाचला! डोळ्यातला फाटलेला पडदा डॉक्टरांनी लेसरने शिवला, टाकासुद्धा दिसत नाही.” गळ्यातली टेप काढून म्हणाल्या, “हात वर कर. या डोळ्याने पहिलं माप तुझंच घेणार.”