बाराला आठ ठोके

बेल्यात समुद्र नाही, तरी मी अमेरिकन जहाजांवरची जुनी घड्याळं जमवतो. जहाजावरच्या पहाऱ्यांच्या हिशोबानं ती दुपारी बाराला आठच ठोके देतात. आज फळीवरच्या सर्वांत दुर्मिळ घड्याळानं बारा दिले. मी ताटावरून उठलो. "कोनं हात लावला याले?" "आदिलाबादहून दुरुस्त करून आणलं," निवृत्त हेडमास्तर बाबा म्हणाले. "बाराले आठ म्हणणाऱ्या पोराले पास नाई केलं, घड्याळाले काऊन करू? सेलवाली मशीन बसवली." "अन् जुनी?" मी भिंतीवर मूठ आपटली. आई सूप घेऊन आली. त्यात चिंचेनं घासलेली पितळी चाकं सुटी सुटी चमकत होती. "वाळू घातले व्हते," ती म्हणाली. "एक कावळ्यानं नेलं." मी घड्याळजीला आणि कावळ्याला नाही नाही ते बोललो. बाबांनी भात कालवला. "कावळ्याले नको बोलू. तो रोज बरोबर बाराले येते."