धोका टळला

जाम फाट्यावरच्या बातम्यांच्या फळ्यावर गुरुजींनी लिहिलेली ओळ आठवडा झाला तरी तशीच होती: ‘२०२८ साली लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता.’ ती लिहिली त्याच संध्याकाळी हायवेवर ट्रकनं त्यांच्या मुलाला, अनुपला, सायकलसकट उडवलं. आज शेजारचा निकेश पेपर घेऊन आला. “गुरुजी, पोट्टे भेऊन राह्यले. फळा पुसा ना. तुमच्याशिवाय कोण हात लावन त्याले? धोका टळला म्हणते.” “कसा?” “त्या दगडाचा जुना फोटो सापडला. त्यावरून रस्ता नव्यानं मोजला, तं दुरूनच जाते.” गुरुजी उठले, फाट्यावर जाऊन फळ्यावर ‘धोका टळला’ लिहून घरी आले. अनुपच्या आईनं त्याचा जुना फोटो काढून ठेवला होता; दारात सायकलवर बसलेला, हसरा. “हाच देऊ का फ्रेमले?” खडूनं माखलेलं बोट गुरुजींनी पुढच्या चाकावर ठेवलं आणि ते चाक हायवेकडे वळलंय का, तेवढंच बघत राहिले.