दारं आणि केटली

“हे एवढं नको,” गॅलरीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

बाकीची सगळी त्यांना पसंत होती. पसंत कसली, बघताक्षणी जीव भांड्यात पडला होता. प्रदर्शन तोंडावर आलेलं, हॉल ठरलेला, आमंत्रणं वाटून झालेली, आणि म्हाताऱ्या चित्रकारांनी यंदा काय काढून ठेवलंय याचा पत्ता नाही. पण खोलीत शिरल्या आणि भिंतीला ओळीने टेकवलेली दारं दिसली. राखाडी-निळी, बंद, उंबऱ्याशी उजेडाची एक बारीक पट्टी. चित्रकारांनी उभ्या जन्मात दारांशिवाय काही काढलं नव्हतं. धंद्यातली माणसं त्यांना पाठीमागे ‘दारवाले’ म्हणत. चित्रावर ते सहीसुद्धा करत नसत. दार दिसलं की सही झालीच, असा सगळा मामला होता.

आणि त्यांचा हात ओळखावा तर बाईंनीच. उजेडाची ती पट्टी रंगवलेली नसते, तिथे कॅनव्हास कोराच सोडलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं. रंग सुरीने कुठून कुठे खरवडलाय, तेही त्या लांबून सांगत. गेल्या प्रदर्शनाच्या भाषणात तर त्या म्हणाल्या होत्या की इतकी वर्षं एकच वाट चालल्यावर हा हात आता कुठे पिकलाय. टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

आणि त्यात मधेच ही केटली. पिवळीधमक. चोच एकीकडे, झाकण भलतीकडे, रेघा म्हणजे कोंबडीचे पाय. रंग असा थापलेला की बोट लावलं तर आत जाईल.

“तुझं का गं?” बाईंनी चित्रकारांच्या लेकीला विचारलं.

लेक चाळिशीची. चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या नखांत राखाडी रंग होता. बापाचे ब्रश धुवायचे आणि कॅनव्हास ताणून द्यायचे, हेच तिचं काम, असं बाई समजून होत्या. तिने बापाकडे पाहिलं. बाईंना उत्तर मिळालं.

“वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण ही धरसोड बरी नव्हे. आज केटली, उद्या मांजर. तुझ्या बाबांनी एक दार धरलं ते धरलं. आधी तेच गिरवून बघ. जातील चार-दोन वर्षं, जाऊ देत. सापडेल तुझं तुला काहीतरी.”

“हो,” लेक म्हणाली आणि तिने ट्रे टेबलावर ठेवला. ऐकून घेण्यात तिचा हातखंडा होता.

चित्रकार खुर्चीत बसून होते, दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत. बाई आल्या तेव्हाही त्यांनी हात बाहेर काढला नव्हता, नुसती मान हलवली होती. मोठ्या माणसांना थोडा तोरा असायचाच, असं म्हणून बाईंनी ते सोडून दिलं होतं.

“ती केटली लावायची,” चित्रकार म्हणाले.

“सर, लोक दारं बघायला येतात.”

“मग बघू देत की दारं. केटलीपण बघतील.”

“आणि म्हणतील काय? म्हातारपणी लेकीचा पुळका आला.” बाईंनी जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

“केटली नाही, तर दारंही नाहीत,” चित्रकार शांतपणे म्हणाले. “राहू देत सगळी इथेच.”

बाईंची पंचाईत झाली. इकडे आड, तिकडे विहीर. कोऱ्या भिंती दाखवाव्यात तर नाचक्की, केटली लावावी तर आजवरचं सगळं बोलणं पाण्यात. पण एवढंच नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. या दारांवर त्यांचा खरा जीव होता. या माणसाने मायेपोटी आपलं नाव असं मातीत घालावं, हे त्यांना बघवेना.

“सर, हात जोडते. लेकीचं कौतुक करा ना, घरात हवं तेवढं करा. पण तुमच्या चित्रांत तिचा हात कशाला घालू देता?”

चित्रकारांनी खिशातून हात काढले आणि कपाकडे नेले. कप उचलला गेला नाही. बशीत नुसताच खडखडायला लागला आणि निम्मा चहा टेबलावर सांडला. लेक पुढे झाली. रोजची सवय असल्यासारखा तिने कप धरला आणि त्यांच्या ओठांना लावला.

एक घोट घेऊन, भिंतीकडे तोंड केलेल्या केटलीकडे बघत ते म्हणाले, “या खोलीत माझं काय ते तेवढंच आहे.”

बाई दारांकडे बघत राहिल्या. कोऱ्या सोडलेल्या पट्ट्या, सुरीची खरवड, सगळं जिथल्या तिथे होतं. केसाचाही फरक नव्हता.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“गेल्या खेपेलाही माझं एकही नव्हतं,” चित्रकार म्हणाले. “भाषण छान झालं होतं तुमचं.”

बाई लेकीकडे वळल्या. “म्हणजे ही सगळी दारं तुझी?”

“छे, दारं बाबांचीच,” लेक सांडलेला चहा पुसत म्हणाली. “माझं चित्र कसं दिसतं, ते मला अजून माहीत नाही.”