फाटकावरचा फोटो

स्वतःचा फोटो द्यायला कोणी तयारच होईना. फाटकावर चिकटवायचा निधनाचा कागद तयार होता, काळी चौकट, वर क्रॉस, मालिकेतल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, सगळं होतं. फक्त मधे चेहरा हवा होता. ज्या नटाचा ठरला होता त्यानं सकाळीच फोन करून सांगितलं, आई नको म्हणते. मग कालिना, म्हणजे सहायक दिग्दर्शिका, सगळ्या पुरुषांना विचारत फिरली. लाइटवाला म्हणाला, घरी लहान पोरं आहेत. साउंडवाला म्हणाला, माझं पुढच्या महिन्यात लग्न आहे. ड्रायव्हर मिट्को तर अपशकुन नको म्हणून तीनदा थुंकला आणि गाडीच्या काचा वर करून आत बसला.

"माझा लावा," लुचेझार म्हणाला.

कालिना म्हणाली, तुमचा नको ना सर. पण त्यानं खिशातून टीव्ही केंद्राचा जुना पास काढला आणि त्यावरचा फोटो नखानं खरवडून सोडवला. खांद्यापर्यंत केस, काळी मिशी, डोळ्यांत नुसती मस्ती.

"हा तसाही कधीच गेलाय," तो म्हणाला. "लावून टाका."

तर फोटो लागला. आणि आता शूटिंग सुरू करायचं म्हणेपर्यंत दिसलं की फ्रेममध्ये कोणाचा तरी ट्रॅक्टर उभा आहे. मालक गायब. दोघं त्याला गुत्त्यात शोधायला पळाले, आणि लुचेझार फाटकासमोरच्या बाकावर जाऊन बसला, टोपी पुढे ओढून, पांढरी दाढी खाजवत. मालिकेचा दिग्दर्शक तोच आणि निर्माताही तोच, म्हणजे उशीर झाला की ओरडायचंही त्यानंच आणि ऐकून घ्यायचंही त्यानंच. आज त्याला दोन्हीचा कंटाळा आला होता.

आता हे गाव त्यानं मुद्दाम निवडलं होतं बरं का. व्रात्सा शहराच्या पुढे, डोंगराला लागून. तरुणपणी त्यानं एकच सिनेमा केला, तो इथे. त्यानंतर नुसता टीव्ही. लॉटरीची सोडत, नववर्षाची नाचगाणी, स्वयंपाकाचा कार्यक्रम, मग ही मालिका. निदान इथं तरी कोणीतरी म्हणेल, अहो, तुम्हीच ना तो सिनेमा केलात, एवढीच त्याची आशा होती. आठवडा होत आला, कोणी म्हटलं नाही. लोक एवढंच विचारत होते की स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली ती बाई खरंच इतकी बारीक आहे का.

तेवढ्यात पावाच्या गाडीवरून पाव घेऊन परत येणारी एक म्हातारी फाटकापाशी थांबली. थांबणारच. असा कागद दिसला आणि न वाचता पुढे गेलं, असं इथे कोणी करत नाही. तिनं नाक अगदी फोटोला टेकवलं.

"अगं बाई, हा तर सिनेमावाला."

लुचेझार ताठ बसला. म्हातारी त्याच्याकडे वळली, म्हणाली, पोरा, चष्मा घरी राहिला, नाव काय आहे वाच जरा. तो उठून जवळ गेला. कागदावर लिहिलं होतं किरिल आणि पुढे काहीतरी. त्यानं वाचलं,

"लुचेझार वेलेव."

"तोच," म्हातारी म्हणाली आणि तिनं छातीवर बोटांनी क्रॉसची खूण केली.

मग ती सुरूच झाली. कसा आला होता, पोरीसारखे केस, सगळ्या गावाला कामाला लावलं होतं. तिच्या आईला बकरी घेऊन पाणवठ्यासमोरून चालायला सांगितलं, अख्खी दुपार, आणि दर वेळी म्हणायचा, मावशी, बस आता शेवटचं. बकरी वैतागली, आई नाही वैतागली. चर्चला जायचा रुमाल बांधला होता तिनं डोक्याला. पुढे कित्येक वर्षं येईल त्याला सांगायची, मी सिनेमात आहे म्हणून. पण सिनेमा तयार झाला तोवर गावातलं थिएटर बंद पडून त्यात कांदे ठेवायला लागले होते. नंतर एकदा टीव्हीवर लागणार असं कळलं, घरदार टीव्हीसमोर बसलं, आणि ऐन वेळी वीज गेली. त्याच हिवाळ्यात आई वारली.

म्हातारीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुम्ही लोक पण सिनेमावालेच ना? मग तुला माहीत असेल. आहे का रे माझी आई त्यात?"

लुचेझारला आई आठवेना. बकरी आठवली. सोफियातली ती एडिटिंगची अंधारी खोली आठवली, सिनेमा लांबला होता, आणि त्यानंच सांगितलं होतं, तो बकरीचा तुकडा काढा, तसाही कशाला हवाय. आता हो म्हटलं असतं तर म्हातारी खुशीत घरी गेली असती. तोंडाशी आलंही होतं त्याच्या. त्यानं फाटकावरच्या त्या मिशीवाल्याकडे पाहिलं.

"नाही आजी," तो म्हणाला. "सिनेमा लांबला होता. कापलं त्यानं."

म्हातारी पुन्हा फाटकाकडे वळली. फोटोकडे बघत राहिली. लांबून कालिना ओरडली, ट्रॅक्टर हलला, ऊन छान आहे, या लवकर. लुचेझारनं हात वर करून तिला थांबवलं.

मग म्हातारीनं पिशवीतला पाव काढला, त्याचं टोक मोडलं आणि त्याच्यापुढे धरलं. मेलेल्याच्या नावानं देतात, तसं. त्यानं हात लावला, पण तिनं सोडलं नाही. मेलेल्यासाठी म्हणायचं ते घेणाऱ्यानं म्हटल्याशिवाय देणारा सोडत नाही.

"देव त्याला क्षमा करो," लुचेझार पुटपुटला.

"मोठ्यानं म्हण, पोरा," म्हातारी म्हणाली. "त्याला ऐकू गेलं पाहिजे."