डाव्या बाजूचा दांडा

होडी पाण्यात उतरली आणि फळ्यांच्या सांध्यांतून चहूकडून पाणी आत येऊ लागलं.

"ताई, बुडतेय ही!" कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला ओरेस्ते ओरडला. "दोर ओढ! वर घेऊ परत!"

हासिंतानं दोर हाताला गुंडाळून घेतला. ही जुनी मोटरबोट विकत घेतल्यापासून तिनं आणि या धाकट्या भावानं दुसरं काही केलं नव्हतं. रंग खरवडला, तळाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या घातल्या, सांधीसांधीत सुताचे पीळ ठोकून वर लांबी भरली. मोडीत निघालेल्या एका मोटारीचं इंजिन ओरेस्तेनं आत बसवलं. आणि आता ते सगळं पाराना नदीच्या गढूळ पाण्याखाली चाललं होतं.

"हात लावू नका तिला."

आवाज धक्क्यावरून आला. एवारिस्तो खुर्चीतच बसला होता. निर्जीव उजवा हात मांडीवर, डाव्या हातात येर्बाचा कडू चहा. अर्धांगाचा झटका आल्यापासून हासिंताचा हा नवरा 'हो', 'नको' आणि 'मीठ कमी आहे' एवढंच बोलायचा. होडीची सगळी खटपट त्यानं याच खुर्चीतून पाहिली होती आणि बरंवाईट काही म्हटलं नव्हतं.

"लाकूड तहानलंय," तो म्हणाला. "पिऊ दे त्याला. फुगलं की सांधे मिटतील. तोवर उपसत बसा."

"आणि नाही मिटले तर, दाजी?"

"तर तू पोहत घरी जा."

दोघं उपसत बसली. आधी बादलीनं, जेवणं झाल्यावर डब्यानं. ऊन उतरलं तेव्हा तळाशी नुसती ओल उरली होती. ओरेस्तेनं इंजिन चालू केलं. ते खोकलं, काळा धूर ओकलं आणि मग एका सुरात घुमू लागलं. एवारिस्तो मान कलती करून ऐकत होता. आयुष्यभर त्यानं याच नदीवर उतारूंची लाँच चालवली होती. आजारपणानंतर मात्र कुणाच्या होडीतून जायची वेळ आली, की तो मागच्या फळीवर खाली मान घालून बसायचा. शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं दोघांसाठी खोली रिकामी करून ठेवली होती. "या आता कायमचे," ती फोनवर म्हणाली, आणि एवारिस्तो लगेच 'हो' म्हणाला. त्या 'हो'नंतर दुसऱ्याच दिवशी हासिंता होडी शोधायला बाहेर पडली होती.

ओरेस्ते चालकाच्या जागी बसायला गेला.

"तिथं नको," हासिंता म्हणाली, आणि तिनं सुकाणूच्या चाकाच्या आसपासची ताडपत्री ओढून काढली. एवारिस्तोच्या देखत ती आज पहिल्यांदाच निघत होती.

एवारिस्तो खुर्चीत पुढं वाकला. "हे काय? वेगाचा दांडा डावीकडे? कुठल्या गाढवानं बसवला?"

"मी."

"अख्खी नदी हसेल."

"हसू दे."

"उद्या विकायला काढलीस तर कुत्रं विचारणार नाही हिला."

"विकायची कुणाला आहे?"

एवारिस्तोनं चहाचं भांडं खाली ठेवलं. खुर्चीचा हात धरून तो उठला आणि धक्क्याच्या पायऱ्यांपाशी आला. ओरेस्ते आधार द्यायला पुन्हा पाण्यात उतरला, तशी हासिंतानं त्याची बाही धरली. सर्वांत खालच्या पायरीवर एवारिस्तो बसला आणि लहान मूल घसरतं तसा बुडावर घसरत होडीत उतरला. होडी हेलकावली. हासिंता दोराची गाठ सोडायची म्हणून पाठमोरी झाली. गाठ तिनं मघाशीच सोडली होती.

तिनं वळून पाहिलं तेव्हा तो चाकापुढं बसला होता आणि त्याचा डावा हात दांड्यावर होता. त्यानं दांडा थोडा पुढं ढकलला. इंजिनाचा आवाज चढला. त्यानं दांडा मागं घेतला आणि चाक धरलं. मग चाक सोडून पुन्हा दांडा धरला. आणि एकदम हसायला लागला. त्याच्या अर्ध्याच चेहऱ्याला हसता येत होतं.

"काय झालं?" हासिंतानं विचारलं.

"अगं शहाणे, धक्क्यावरून निघताना दोन्ही एकदम धरावं लागतं. दांडाही आणि चाकही. आणि हात माझा एकच."

इतके दिवस स्क्रू फिरवताना, तारा ओढताना, रात्री अंथरुणात पडल्यावरसुद्धा तिनं फक्त त्या दांड्याचाच विचार केला होता. तिनं ओला दोर गुंडाळायला घेतला.

"बदलू काहीतरी," ती म्हणाली. "उद्या बघते."

"उद्या कशाला?" एवारिस्तो फळीवर डावीकडे सरकला. उजवीकडे एका माणसापुरती जागा झाली. "ये, बस. चाक धर."

"मी? मला कुठं येतंय? तू कधी हात तरी लावू दिलास?"

"आता देतोय ना. ये लवकर, पाणी उतरायला लागलंय."

ती बसली. चाक गार होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. एवारिस्तोनं दांडा पुढं केला आणि होडी धक्क्यापासून सुटली. नाक आधी किनाऱ्यावरच्या वेताकडे गेलं, मग भलतीकडेच.

"इतकं नको! थोडं. पीठ मळतेस का?"

"तू हळू घे की जरा!"

"हळूच आहे."

मागून ओरेस्ते पाण्यात उभ्यानंच ओरडला, "अहो, पण चालवतंय कोण?"

पुढं नदीचं वळण होतं, आणि दोघंही तिकडेच बघत होती.