राखलेला डाव

"उतर मातीत," मडिवाळप्पा वस्ताद म्हणाले आणि डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी कडेला ठेवला.

हणमंताला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. धर्माबादच्या जत्रेतली शेवटची कुस्ती नुकतीच संपली होती आणि ती त्यानंच मारली होती. अंगावरचा घाम अजून वाळला नव्हता. त्याच कुस्तीबरोबर हंगामही संपला होता. हैदराबादच्या एका नवाबाच्या देवडीसाठी, म्हणजे वाड्यासाठी, पैलवान निवडणारा दारोगा पान लावता लावता त्याला म्हणाला होता, उद्याच्या गाडीनं निघायचं.

या शब्दांसाठी त्यानं तीन हंगाम घालवले होते. औसा, लातूर, नायगाव, धर्माबाद. बैलगाडीत अंग आंबवायचं, जत्रेजत्रेला धूळ खायची. जिंकलं तर नारळ आणि फेटा, हरलं तर नुसतीच धूळ. दारोगा दरसाल हजर असायचा, पण त्याचं बोट भलत्याच कुणाकडे वळायचं. हणमंताचे कान सुजून सुजून कानवले झाले होते. पंचविशी उलटलेल्या पैलवानाला चौथा हंगाम कोण देतो? आता मात्र देवडीची तालीम, घागरभर दूध, वाटलेले बदाम. हणमंत फार थकला होता आणि फार खुशीत होता.

जाण्याआधी त्यानं एकच मागणं केलं होतं. "वस्ताद, तुमी एक डाव राखलाय म्हणत्यात. जाता जाता तेवढा द्या की."

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मडिवाळप्पांनी कुठला राखलाय, यावर नायगावच्या पारावर पैजा लागत. तीस वर्षांत त्यांच्या पाठीला कुणी माती लावली नव्हती. लावणार तरी कोण? नायगावच्या तालमीचा रिवाज असा, की जो वस्तादाला चीत करील त्यानं ती तालीम चालवायची. म्हणून सरावात पट्ठे त्यांच्याशी जपूनच खेळत. मडिवाळप्पांनी स्वतः ऐन जवानीत आपल्या वस्तादाला भर जत्रेत आस्मान दाखवून ही गादी मिळवली होती. लोक ते अजून कौतुकानं सांगत. तो विषय निघाला की मडिवाळप्पा मात्र खाली मान घालून तंबाखू मळत बसत.

गादी म्हणजे काय, तर पहाटे उठून हौदाची माती उकरायची, तिला ताक-तेल पाजायचं, कच्च्या पोरांना घडवायचं आणि हंगाम संपला की त्यातलं सगळ्यात चांगलं पोर दारोगाच्या हवाली करायचं. लेक सासरी गेली तरी पंचमीला माहेरी येते. हे गेलेले कुणी फिरकले नाहीत. यंदा वस्तादांच्या गुडघ्यानंही दगा दिला होता. हणमंताला ते दिसत नव्हतं असं नाही, पण उद्याची गाडी डोळ्यांपुढे उभी राहिली की माणसाला मागचं फारसं दिसत नाही.

तो आखाड्यात उतरला. दोघांनी कपाळाला माती लावली. घरी निघालेले लोक माघारी वळले.

"हळू दावा वस्ताद. गुडगा हाय तुमचा."

"माझ्या गुडग्याचं मी बघतो. तू धर."

हणमंत सावध होता. नवा डाव कुठून येईल याचा नेम नव्हता. म्हाताऱ्याचा उजवा खांदा जरासा हलला आणि हणमंतानं सवयीनं खाली वाकून, पाय धरून पट काढला. रोज पहाटे तो असाच पट काढायचा आणि रोज म्हातारा हसत सुटायचा. आज म्हातारा सुटला नाही. सुटायला धडपडलाही नाही. त्याची पाठ सपशेल मातीला लागली.

 मग हलगी कडाडली आणि लोकांनी हणमंताला खांद्यावर उचललं. नायगावला नवा वस्ताद मिळाला म्हणून पागोटी उडाली. वर बसून हणमंत दारोगाला शोधत होता. दारोगा पानाचा डबा मिटून जोडे घालत होता.

"साहेब, सकाळी येतो मी ठेसनावर!"

"हम पट्ठे ले जाते मियाँ, वस्तादां नई ले जाते."

"रिवाज आमच्या गावचा हाय. मी मोडतो त्यो!"

हलगी थांबली. खांद्यावर धरणाऱ्यांनी त्याला हळूच खाली ठेवलं आणि ते चार पावलं मागं सरले. तालमीचा रिवाज मोडणाऱ्याशी मुलखात कुणी हात मिळवत नाही, मग त्याला नेऊन दारोगा तरी लढवणार कुणाशी? दारोगा गर्दीतून निघून गेला.

वस्ताद अजून मातीतच बसले होते. हणमंत त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याला रडू आवरेना.

"काय करून बसलात वस्ताद? मी डाव मागितला होता."

म्हाताऱ्यानं कडेचा फेटा ओढून घेतला आणि तो हणमंताच्या डोक्याला सावकाश गुंडाळायला लागला.  चेहऱ्यावर ना आनंद होता, ना लाज. ओझं उतरवलेल्या हमालासारखा तो नुसताच दमलेला दिसत होता.

"त्योच दिला, लेकरा," वस्ताद म्हणाले. "माझ्या वस्तादानंबी मला ह्योच घातला होता. माझीबी दुसऱ्या दिवशीची गाडी होती."